तीस सेकंद आणि काळं कापड

बक्षीस समारंभातून लोक ट्रॉफी घेऊन घरी जातात आणि आम्ही किस्से घेऊन जातो. ट्रॉफी शोकेसमध्ये गप्प बसते. किस्से बसत नाहीत, एक काढायला गेलं की चार खाली पडतात. परवा हैदराबादेतच, दिलसुखनगरला मेव्हण्याकडे जेवायला गेलो, तर हात धुवायच्या आधीच त्याची फर्माईश आली, "दाजी, ते फिल्म अवॉर्डचं काहीतरी सांगा की." सांगत बसलो. वरण गार झालं, बायको गरम झाली. तेव्हाच ठरवलं, एकदा लिहूनच टाकावं.

फक्त नावं विचारू नका. पुढच्या वर्षीही मला तिथंच बसायचं आहे!

तिथं म्हणजे स्टेजच्या पायथ्याशी. हैदराबादेत सिनेमाचे समारंभ होतात तेव्हा पहिली रांग आणि स्टेज यांच्यामध्ये एक टीव्ही ठेवलेला असतो, तोंड स्टेजकडे करून. प्रेक्षकांना तो दिसत नाही. बक्षीस घेणारा माइकशी आला की मी बटण दाबतो आणि टीव्हीवर आकडे उलटे पळायला लागतात. आधी हिरवे, शेवटचे दहा पिवळे, शून्य आलं की लाल. लाल झालं की मी हात वर करतो आणि शेजारी साउंडवर बसलेले यादगिरी अण्णा संगीत सुरू करतात. त्या संगीताचा अर्थ एवढाच, की आता निघा.

नटनट्यांना साठ सेकंद. टेक्निकलवाल्यांना, म्हणजे कॅमेरा, एडिटिंग, फाइट, डबिंग वगैरे मंडळींना तीस. त्यांची बक्षिसं दुपारीच उरकून घेतात, टीव्हीवर दाखवतही नाहीत. मोठ्या हिरोला मात्र घड्याळ दाखवायचं नसतं, तो अपमान. त्यासाठी आयोजकांकडून खास काळं कापड येतं. हिरो स्टेजवर चढला की ते टीव्हीवर टाकायचं आणि आपण पाणी प्यायचं.

आमच्या टोळीतली तिसरी असामी म्हणजे सुमनताई. हॉलच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली असते. "आणि आता स्टेजवर येत आहेत..." हा आवाज तिथून येतो, तो त्यांचा. पण हे वर्षातून चार दिवसांचं काम. त्यांचं खरं काम डबिंगचं. आमच्याकडच्या बऱ्याच हिरोइनी उत्तरेकडून येतात, तेलुगू येत नाही, त्या कॅमेऱ्यासमोर ओठ हलवतात. मग स्टुडिओत त्यांचं हसणं, रडणं, भांडणं दुसरंच कुणीतरी बोलतं. सुमनताईंनी तीस वर्षं ते केलं.

बाई हैदराबादच्याच, सुलतान बाजारातल्या. वडिलांचं कापडाचं दुकान, घरात मराठी, शाळा मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू, आणि तेलुगू शेजारणींकडून आलेलं. पण असं आलेलं, की आंध्राकडची माणसं विचारायची, अम्मा, तुमचं गाव गोदावरीकाठचं का? त्या म्हणायच्या, "गोदावरीकाठचंच. फक्त जरा वरच्या अंगाला. नांदेड." डायलॉग मात्र देवनागरीत लिहून घ्यायच्या. मीही तेलुगू तसंच लिहितो. आमच्यासारख्या घरांतली ही जुनी सवय आहे, तोंडात तेलुगू आणि हातात मराठी बाराखडी.

त्यांची इच्छा एकच होती. हजार लोकांची नावं त्या काचेमागून पुकारून झाली, एकदा आपलं नाव कुणीतरी पुकारावं आणि त्या स्टेजवर तीस सेकंद बोलावं. लपवतही नव्हत्या. सकाळी साउंड चेक असायचा तेव्हा बाकीचे माइकमध्ये "हॅलो, वन टू थ्री" करायचे. सुमनताई रिकाम्या हॉलसमोर उभ्या राहून आपलं बक्षिसाचं भाषण करायच्या! यादगिरी अण्णा त्यावर आवाजाची पातळी लावायचे, मी त्यावर घड्याळ तपासायचो. बरोब्बर सव्वीस सेकंदांना त्या थांबायच्या. उरलेल्या चार सेकंदांत काय, असं विचारलं की म्हणायच्या, "शेवटची ओळ त्या दिवशी."

तर आता किस्से.

*

एक फाइट मास्टर होते. सहाव्या मजल्यावरून उडी मारताना त्यांच्या कपाळावर आठी पडत नसे. बक्षीस जाहीर झालं, शेरवानी घालून स्टेजवर आले, माइकसमोर उभे राहिले आणि त्यांचे गुडघे लटपटायला लागले. इतके, की ट्रॉफी माइकच्या दांड्यावर टणटण वाजू लागली. मी आकडे बघतोय, पंचवीस, वीस, पंधरा.

शेवटी त्यांनी माझ्याकडे वाकून अगदी अदबीनं विचारलं, "भाई, बोलने के बदले कूद गए तो चलता क्या?"

मान हलली माझी. त्यांनी ट्रॉफी अँकरच्या हातात दिली, दोन पावलं मागे गेले आणि स्टेजवरून हवेत उलटी कोलांटी मारून माझ्या टीव्हीच्या बाजूला अलगद उतरले. शेरवानीची घडीसुद्धा मोडली नव्हती! सगळा हॉल उभा राहिला. मास्टर मला म्हणाले, आता बरं वाटतंय, आणि ट्रॉफी तिथंच विसरून घरी गेले.

*

एडिटर मंडळी अबोल असतात. दिवसभर अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांचं बोलणं कापत बसायचं, त्यांना स्वतःच्या बोलण्याची काय किंमत! असेच एक एडिटर आले. खिशातून कागद काढला. कागद चांगला लांबलचक होता. अण्णांनी माझ्याकडे बघून संगीताच्या बटणावर बोट ठेवलं. एडिटरसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, माझ्या घड्याळाकडे पाहिलं, कागद परत खिशात ठेवला.

"भाषण तीन मिनिटांचं होतं. कापलं. थँक्यू."

चार सेकंद. माझ्या पंधरा वर्षांतलं हे सर्वांत छोटं भाषण आणि हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

*

सिनेमात आईची कामं करणाऱ्या एक बाई आहेत. निम्म्या इंडस्ट्रीच्या त्या पडद्यावरच्या आई. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बक्षीस मिळालं तेव्हा वयाची सत्तरी उलटली होती. दुपारीच मला गाठून विचारून गेल्या, बाबा, किती वेळ आहे? साठ सेकंद म्हटलं. पदराच्या गाठीतून त्यांनी चिठ्ठी काढून दाखवली. चौतीस नावं. स्पॉटवर चहा देणाऱ्यापासून पहिल्या सिनेमात साडी नेसवणाऱ्या बाईपर्यंत. त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत, म्हणाल्या, पण त्यांची नावं एकदा मोठ्या हॉलमध्ये घ्यायची आहेत.

वाचायला लागल्या. अठराव्या नावाला शून्य आलं. मी जड मनानं हात वर केला आणि अण्णांनी संगीत लावलं. कुणीही असतं तर गडबडलं असतं. बाईंनी क्षणभर कान दिला, मान डोलावली, आणि उरलेली सोळा नावं त्या संगीताच्या चालीवर गायला लागल्या! तालात, सुरात, मधे एक छोटी तान घेऊन. लोक टाळ्यांचा ठेका धरून बसले. अण्णांनी आपणहून आवाज थोडा खाली आणला, नावं नीट ऐकू यावीत म्हणून. शेवटचं नाव आणि संगीताचा शेवट एकदमच आला.

आम्हा तिघांच्या हेडफोनवर मी सुमनताईंना विचारलं, बघितलंत का? पलीकडून हुंदका ऐकू आला. अण्णा म्हणाले, उन्हे रो रै, बात नक्को करो.

*

आता काळ्या कापडाचं सांगतो. एक फार मोठे हिरो, त्यांच्या नावानं लोक दुधाचे अभिषेक करतात, ते बक्षीस घ्यायला आले. नियमाप्रमाणे मी कापड टाकलं. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. माइकवरूनच त्यांनी विचारलं, त्या कापडाखाली काय आहे? माझी पाचावर धारण बसली. मी कापड उचलून दाखवलं, खाली हिरवा साठचा आकडा. आपल्या आधी दुपारी कुणाकुणाची बक्षिसं झाली, त्यांना किती वेळ होता, असं त्यांनी विचारलं. मी तीन बोटं आणि एक शून्य करून दाखवलं.

"मग मलाही तीस लाव," म्हणाले.

लावलं. तीस सेकंदांत त्यांनी सगळ्या लाइटवाल्यांचे आभार मानले, आपल्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि एक आकडा शिल्लक असताना नमस्कार करून गेले. मी आयुष्यात प्रथमच घड्याळ सोडून टाळ्या वाजवल्या. वाटलं, संपला आता कापडाचा जमाना.

पुढच्या वर्षी आयोजकांकडून दोन कापडं आली. एक जास्तीचं, कुणी परत उचलायला सांगितलं तर वरून टाकायला!

*

एका हिरोइनचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांना आपण मॅडम म्हणू. दिल्लीकडच्या. चार वर्षांपूर्वी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. त्या सिनेमात कोर्टातला एक रडायचा सीन होता, लोक थिएटरात हुंदके देत होते. तो सीन बोलल्या होत्या सुमनताई. तीन दिवस लागले होते. धाप खरी वाटावी म्हणून स्टुडिओत जागच्या जागी धावल्या, मग टॉवेल तोंडात धरून रडल्या. तीन सिनेमे त्यांनी मॅडमना आवाज दिला, पण दोघींची कधी भेट नाही. डबिंगमध्ये तसंच असतं, एक पडद्यावर, दुसरी काचेमागे.

मॅडम स्टेजवर आल्या आणि तेलुगूत म्हणाल्या, अंदरिकी नमस्कारम्, म्हणजे सगळ्यांना नमस्कार. आवाज बारीक, थोडा घोगरा. हॉलमध्ये चुळबुळ झाली. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी पुढे वाकून मला काळजीनं विचारलं, "बच्ची को जुकाम हुआ क्या?" मग मॅडमनी हिंदी-इंग्रजीत दिग्दर्शक, निर्माते, घरचा स्वयंपाकी, व्यायाम करून घेणारा, कुत्र्याचे डॉक्टर, सगळ्यांचे आभार मानले. ज्या आवाजामुळे लोक रडले होते, त्याचं नाव त्यात नव्हतं.

मला राग आला. हेडफोनमध्ये सुमनताई एवढंच म्हणाल्या, "पोरगी श्वास चुकीच्या जागी घेते रे. शिकवायला पाहिजे कुणीतरी." आणि पुढचं नाव पुकारलं.

*

गेल्या वर्षी सुमनताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज गेला. कोठी भागातल्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. सहा महिने वाट पाहिली. बोलायला गेल्या की नुसता वारा यायचा.

काचेच्या खोलीत नवी मुलगी आली. सुमनताई तरीही यायच्या, माझ्या घड्याळाजवळ खुर्ची टाकून बसायच्या. आमच्याशी बोलायच्या त्या स्टुडिओतल्या खुणांनी. तिथं काचेपलीकडे आवाज जात नाही म्हणून सगळं हातानं चालतं. मूठ म्हणजे ओके. एक बोट वर म्हणजे वन मोर, पुन्हा एकदा. चहावाल्यालाही त्या एक बोट दाखवायच्या आणि तो मुकाट्यानं दुसरा कप आणायचा.

आणि यंदा त्यांचं नाव निघालं. डबिंगचं बक्षीस, ऑपरेशनच्या आधी केलेल्या शेवटच्या सिनेमासाठी, मॅडमच्याच. मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. तीस वर्षं ज्या तीस सेकंदांची वाट बघितली, ती मिळाली आणि बोलायला आवाज नाही. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. आम्ही आयोजकांना भेटलो. ठरलं असं, की भाषण सुमनताईंनी कागदावर लिहून द्यायचं आणि अँकरनं वाचायचं. सुमनताईंनी ते लिहिलं, घडी घातली, मला देताना घडीवर बोट आपटून सांगितलं, उघडायचं नाही. शेवटची ओळ त्यात होती.

दुपारची वेळ. हॉल निम्मा रिकामा. स्टेजच्या पडद्यामागे संध्याकाळच्या नाचांची तालीम चाललेली. नव्या मुलीनं काचेमागून नाव पुकारलं. पडद्यावर सिनेमातला तुकडा लागला, मॅडमचा चेहरा, सुमनताईंचा आवाज. सुमनताई नारायणपेठी नेसून हळूहळू पायऱ्या चढल्या. ट्रॉफी घेतली. कागद अँकरला दिला. मी बटण दाबलं.

अँकरनं घडी उघडली आणि ती तशीच उभी राहिली.

पोरगी अमेरिकेत वाढलेली. तेलुगू फर्डं बोलते, वाचते इंग्रजी अक्षरांतून. आणि कागदावर तेलुगू होतं देवनागरीत! इतक्या दिवसांत सुमनताईंना, मला, अण्णांना, एकालाही सुचलं नाही की हा कागद दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. मी तो उघडला असता तरी मला काही खटकलं नसतं. अँकरनं कागद उलटा करून पाहिला. माझे आकडे पळत होते. बावीस. एकवीस. सुमनताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते भय मी विसरू शकत नाही. मी हेडफोन काढून पायरीवर एक पाय ठेवला.

तेवढ्यात विंगेतून मॅडम आल्या. तालमीच्या ट्रॅकपँटमध्ये, केस बांधलेले, गळ्यात टॉवेल. पडद्यावर आपलाच सीन ऐकून त्या तिथं येऊन उभ्या राहिल्या असाव्यात. त्यांनी अँकरच्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला, आणि मला ऐकू आलं, त्या पुटपुटल्या, "ये तो मैं पढ़ सकती हूँ."

मग त्यांनी सुमनताईंकडे बघून परवानगी मागितली. सुमनताईंनी मान हलवली.

मॅडम वाचायला लागल्या. अडखळत, पहिलीतल्या मुलासारखं एकेका अक्षरावर बोट ठेवून. दिल्लीच्या जिभेवर तेलुगू ठेचकाळत होतं, पण कुणी हसलं नाही. स्टुडिओत जायला परवानगी देणाऱ्या कापडवाल्या बापाचे आभार. घड्याळवाल्याचे आणि साउंडवाल्या अण्णांचे आभार. "आणि ज्यांचे चेहरे मला वापरायला मिळाले, त्या सगळ्या पोरींचे." हे वाचताना मॅडम थांबल्या. इतक्या सिनेमांत तेवढं तेलुगू कानावर पडलं होतं, त्यांना अर्थ कळला होता.

आकडे पिवळे झाले, मग लाल. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवले. मी वाकलो, खालून काळं कापड काढलं आणि घड्याळावर टाकलं.

शेवटची ओळ राहिली होती. मॅडमनी ती आधी मनात वाचली. त्यांचा चेहरा बदलला. मग खाली बघत, अगदी हळू, कशीबशी म्हणाल्या, "ई गोंतु नादी." हा आवाज माझा आहे.

सुमनताई मॅडमकडे बघत होत्या, काचेपलीकडून पडद्याकडे बघावं तसं. त्यांनी ट्रॉफी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

मॅडमनी टॉवेलनं डोळे पुसले, पूर्ण श्वास घेतला आणि कागद पुन्हा वर धरला.